ओळ कामाला आली पाहिजे

भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीच्या गेटजवळ एक फळा आहे. त्याची उजवी बाजू सेक्रेटरींच्या सूचनांची, डावी सुविचाराची. आणि ही डावी बाजू बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नोकरी होती तोवर चर्चगेट लोकल पकडायच्या घाईत खडू हातात घ्यायचे, आता निवांत लिहिते. त्यामुळे ‘ताई, काहीतरी प्रेरणादायी सांगा ना’ असं कुणीही हक्काने म्हणतं. कुणाच्या मुलीची बारावी असते, कुणाचं दुकान बसलेलं असतं, कुणाला ऑफिसातल्या निरोप समारंभात बोलायचं असतं. या सगळ्यांना ओळी पुरवता पुरवता माझं एक मत पक्कं झालं. ओळ सुंदर आहे की नाही, ही नंतरची गोष्ट. ती कुणाच्या कधी कामाला आली, हे आधी बघावं. त्या मापाने तावून सुलाखून निघालेले हे अनुभवाचे बोल.

१. चाल असेल ती ओळ गर्दीत टिकते

लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून बसलेल्या बाईला पुस्तकातला उतारा आठवत नाही. अभंग आठवतो. संध्याकाळी बोरिवली गेली की आमच्या डब्यात कुणीतरी पहिलं चरण उचलायची, बाकीच्या मागून धरायच्या. टाळ एकीच्याच पिशवीत असायचे, इतरजणी टाळ्यांवर भागवायच्या. दहिसरच्या पुढे सिग्नलला गाडी अडली की डबा वैतागायचा आणि आमची आणखी दोन कडवी व्हायची. संतांनी शब्द बांधलेच असे की ते तोंडात बसावेत: छोटी चरणं, लगेच भेटणारं यमक, फिरून फिरून येणारं ध्रुपद.

जात्यावरच्या ओवीचंही तेच. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आणि शेतात राबताना त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर टिकली, आचार्य अत्र्यांच्या कानावर गेली आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ म्हणून छापून आली. तोवर बहिणाबाई गेल्या होत्या. छापखान्याचं तोंड पाहण्याआधी ती गाणी चालीच्याच जोरावर तगून होती. म्हणून मुलांना मी सांगते, ओळ पाठ करायची असेल तर तिला चाल लावा. बेसूर असली तरी चालते.

२. ओळ कुणाची, हे विचारून घ्यावं

व्हॉट्सअॅपवर मराठीत तीनच माणसं बोलतात असं वाटावं: वपु, पुल आणि नाना पाटेकर. नात्यांवरचं वाक्य असेल तर खाली व. पु. काळे, खुसखुशीत असेल तर पु. ल. देशपांडे, जरा खडसावणारं असेल तर नाना. ‘तुका म्हणे’ जोडून तर काहीही खपवलं जातं. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, तेव्हा ‘असेलही त्यात कुठेतरी’ म्हणून आपण मान डोलावतो.

दोन बहिणाबाईंची गल्लत तर शिकलेली माणसंही करतात. एक सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई. दुसऱ्या वर सांगितलेल्या खानदेशच्या. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर.

माझा नियम साधा आहे. पुस्तकाचं नाव सांगता येत नसेल, तर ओळीखाली माणसाचं नाव घालायचं नाही. म्हणी मात्र बिनधास्त लिहाव्यात, त्यांना मालक नसतो. नावाची खातरजमा करताना मूळ कविता अख्खी वाचावी लागते, आणि पुष्कळदा आपण शोधायला निघालो त्या ओळीपेक्षा तिच्या शेजारची ओळ जास्त मोलाची निघते, हा वरचा नफा.

३. आधी नुकसानीची यादी, मग धीराचा शब्द

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. निरोप समारंभ असो की गुणगौरव, तिचा शेवट कुणीतरी म्हणतंच, आणि टाळ्या हमखास. पुरात घर गेलेला माजी विद्यार्थी सरांना भेटायला येतो. सरांचा हात पैशासाठी खिशाकडे जातो, तर तो पैसे नको म्हणतो, पाठीवर हात ठेवायला सांगतो. बस, एवढीच गोष्ट. बरीच वर्षं मलाही त्यातला शेवटच आवडायचा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या तळमजल्यावरही पाणी शिरलं. ओसरल्यावर तिथल्या वहिनींनी गच्चीवर चादर अंथरली आणि तिच्यावर रेशनकार्ड, मुलांच्या मार्कशीट, एलआयसीचे कागद, लग्नातले फोटो एकेक सुटं करून वाळत घातलं. वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर खडा. मार्कशीटवरची शाई पसरली होती, पण शाळेचा शिक्का तेवढा दिसत होता, आणि तो शिक्का वहिनी पुन्हा पुन्हा सगळ्यांना दाखवत होत्या. वरच्या मजल्यावरून एकजण खाली आले आणि ‘जीव वाचला हे महत्त्वाचं’ म्हणून गेले. वहिनी गप्प राहिल्या. मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या. त्यांनी ‘काय काय गेलं?’ एवढंच विचारलं आणि खाली बसून सगळं ऐकून घेतलं. गव्हाचा डबा, शिलाई मशीनची मोटर, धाकट्याचं दप्तर. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ‘मशीन माझ्याकडे आहे, उद्यापासून बस.’

त्यानंतर ‘कणा’ पुन्हा वाचली तेव्हा तिची ताकद कुठे आहे ते दिसलं. शेवटच्या निर्धाराआधी कवीने घराचं काय काय झालं ते सगळं नीट सांगितलंय, घाई केलेली नाही. गेलेल्याची मोजदाद झाली म्हणून शेवटचा ताठ बाणा खरा वाटतो. नुसता शेवट म्हणणारे आपण, मधलं गाळून टाळ्या घेतो.

४. आपली स्तुती करणाऱ्या ओळीपासून सावध

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातला एक मीरा रोडजवळ. १८० हून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू होत्या आणि आम्ही त्यात होतो. वर्तमानपत्रांनी, पुढाऱ्यांनी, टीव्हीवाल्यांनी एकच पालुपद धरलं: मुंबईचं स्पिरिट. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या सकाळच्या डब्यात स्पिरिट वगैरे काही नव्हतं. कुणी कुणाची बॅग सरकवत नव्हतं, बाकाखाली सगळ्या वाकून बघत होत्या, आणि रोज भांडणाऱ्या दोघी एकमेकींचे फोन नंबर लिहून घेत होत्या. खाडा केला तर पगार कापला जातो, हे त्या प्रवासाचं खरं कारण.

शौर्याचं बिरुद लावलं की सुरक्षेचे प्रश्न विचारणं राहून जातं. तेव्हापासून एखादी ओळ माझी फारच तारीफ करू लागली की मी बघते, तिच्यामुळे कुणाची सोय होतेय.

५. पाणी नसेल त्या दिवशी पाण्यावर सुविचार लिहू नये

मीरा-भाईंदरचं अर्धं संभाषण पाण्याभोवती फिरतं. स्टेम कंपनीचं किती आलं, एमआयडीसीचं शटडाऊन कधी, सूर्या प्रकल्पाचं पाणी केव्हा. अशाच एका शटडाऊनच्या दिवशी उजवीकडे सूचना होती, ‘आज पाणी येणार नाही, टँकर दुपारी’, आणि डावीकडे माझं जलबचतीवरचं सुभाषित. वॉचमन गालात हसला. तिसऱ्या मजल्यावरचे काका रिकामी बादली घेऊन फळ्यासमोर थांबले, डावीकडचं वाचलं, उजवीकडचं वाचलं आणि म्हणाले, ‘ताई, आधी येऊ तर द्या, मग वाचवू.’ लोकांना सूचना हवी असते तेव्हा सूचनाच द्यावी. सुविचाराला सुट्टी असू शकते.

६. प्रेरणेला वार नेमून द्यावा

‘सुचेल तेव्हा लिहीन’ म्हणणाऱ्यांना मी ‘गीतरामायण’ सांगते. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि पुढे दर आठवड्याला एक, असं वर्षभर चाललं. ५६ गाणी. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, कलाकारांना बसवायचं आणि वेळ झाली की ते वाजलंच पाहिजे. ‘या आठवड्यात मूड नव्हता’ हे आकाशवाणीला सांगता येत नव्हतं. दोघांच्या मागे सिनेमाची कामं होती, संसार होते. माझी आई सांगायची, गाणं लागायच्या वेळी लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसायचे. लोकांना त्यात देव दिसला. मला त्यात आठवड्याचं वेळापत्रकही दिसतं, आणि त्याने भक्ती कमी होत नाही.

आमच्या विंगमधला एक मुलगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी रोज प्रेरणादायी व्हिडिओ बघायचा, बघून झाल्यावर थकून झोपायचा. त्याला म्हटलं, व्हिडिओ रविवारी, अभ्यास सोमवार ते शनिवार. वार बदलला, मुलगा तोच.

७. शेजाऱ्याची ओळही आपलीच

२०२५ च्या जुलैत मीरा रोडला भाषेवरून आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने लोक रस्त्यावर उतरले. उभ्या महाराष्ट्राने ते टीव्हीवर पाहिलं. गावाकडून फोन आले, ‘तुमच्याकडे फार तणाव आहे का?’ तणाव होता. माझी मराठी मला प्यारी आहे आणि ती इथल्या दुकानात, बँकेत, कचेरीत चालली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्याच वर्षीच्या गणपतीत आमच्या मांडवात गुजराती भाभी, राजस्थानी शेठ आणि जौनपूरकडचे दूधवाले समर्थांची आरती आमच्याइतक्याच मोठ्याने म्हणत होते. शेवटच्या कडव्याला नेहमीप्रमाणे आमचेच लोक चाचरले आणि भाभींनी सावरून घेतलं. त्यांना कुणी मराठीचा वर्ग घेऊन शिकवलं नव्हतं. आरतीने शिकवलं.

उलटा प्रवासही मोठा आहे. आपले नामदेव (१२७०–१३५०) पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. आमच्या बाजूच्या इमारतीतल्या पंजाबी आंटींना नामदेव मराठी होते हे ठाऊकच नव्हतं, आणि मला त्यांची ती पदं ठाऊक नव्हती. एका दुपारी आम्ही देवाणघेवाण केली. हल्ली फळ्यावर आठवड्यातून एकदा शेजाऱ्यांची ओळ असते: मूळ भाषेतली, लिपी देवनागरी आणि खाली मराठीत अर्थ. अर्थ सांगायला त्यांनाच फळ्यापाशी उभं करते. तेवढ्यात त्यांची दोन वाक्यं मराठीत होतात.

८. गाणं लिहिणारा आणि जगणारा वेगळे असू शकतात

रेडिओने घराघरात पोचवलेल्या कोळीगीतांतली काही सर्वांत गाजलेली गाणी शांता शेळके यांची. शांताबाई जन्मल्या १९२२ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला, समुद्रापासून पार आत. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा आवाज मिळाला आणि न पाहिलेलं वादळही आमच्या अंगावर आलं. नारायण सुर्वे याच्या अगदी दुसऱ्या टोकाला: गिरणगावात वाढले, गिरणीत राबले, आणि १९६६ च्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये जे लिहिलं ते भोगलेलं लिहिलं. दोन्ही खरं असू शकतं. ‘ज्याने भोगलं त्यानेच लिहावं’ हा आग्रह मी सोडून दिला.

पण भोगणाऱ्याला विचारायलाही विसरू नये. भाईंदरच्या बाजारात उत्तनहून मासे घेऊन येणाऱ्या एका मावशींना मी एकदा त्या रेडिओच्या गाण्यांबद्दल विचारलं. बोंबील साफ करता करता त्या म्हणाल्या, ‘चांगली आहेत की. पण आमच्या लग्नातली वेगळी.’ मग त्यांनी सांगितलं: लग्नाआधी उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, सोबत घुमट वाजतं, आणि बाया आळीपाळीने कडवी जोडत जातात; नवऱ्याच्या आत्याचं नाव, विहिरीच्या मालकाचं नाव, सगळं त्यात येतं. उत्तन-डोंगरी-चौकच्या त्या किनाऱ्यावरची अशी किती गाणी कुठल्याच तबकडीवर नाहीत! मावशींना म्हटलं, म्हणून दाखवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘इथं नाय. लग्नाला ये.’ बरोबरच होतं त्यांचं. काही गाणी जागा सोडून वाजत नाहीत.

९. प्रेरणा एकटीला पचत नाही

मार्च २०२०. लोकल बंद झाली. सर्वसामान्यांसाठी ती पुन्हा खुली व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडलं, आणि तेही ठरावीक वेळांत. पहिल्या महिन्यात आमच्या डब्यातल्या भजनवाल्यांनी फोनवर एकत्र यायचं ठरवलं. सगळ्या आपापल्या स्वयंपाकघरातून. पण फोनवर आवाज मागेपुढे पोचतो. एकीचं चरण संपायच्या आत दुसरीचं सुरू, तिसरीच्या कुकरची शिट्टी समेवर, आणि चौथी म्यूटवर राहून तल्लीन. ताल असा फरफटला की हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी ठरलं, एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

तेव्हा एक जण म्हणाली, ‘अभंग घरीही म्हणता येतो गं, पण मला गाडी हवीय.’ घरात आठ माणसांचं करता करता तिला स्वतःचा असा वेळ उरलाच नव्हता; तो लोकलमधला तासभर तेवढा तिचा होता. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ ला चर्चगेट–बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सोडली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत नेली, तेव्हा रेल्वेने गर्दीचा विचार केला असणार. त्या डब्यांत बायकांनी मात्र हळदीकुंकू केलं, दसऱ्याला तोरणं बांधली, भाज्या निवडल्या, आणि गाण्याला जागा करून घेतली. आम्ही ज्याला अभंगाची ताकद म्हणत होतो, त्यात निम्मी ताकद शेजारी बसलेल्या खांद्याची होती. खचलेल्या माणसाला मी हल्ली ओळ पाठवत नाही. ‘येतेस का, मिळून म्हणू’ म्हणते.

१०. ‘मी’ नसलेली ओळ जवळ ठेवावी

आजकालच्या प्रेरणादायी वाक्यांत तू जिंक, तू ऊठ, तू दाखवून दे असा सगळा एकवचनी कारभार असतो. त्यावर उतारा म्हणून पसायदान. १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानदेवांनी शेवटी देवाकडे मागणं मागितलं. तेव्हा ते विशीच्याही आतले होते आणि समाजाने त्यांना काही कमी छळलेलं नव्हतं. तरी मागणीत स्वतःचं काही नाही. वाईट माणसाचा नाश व्हावा असंही नाही, त्याचा वाईटपणा तेवढा जावा. आपण ते कार्यक्रमाच्या शेवटी लावतो, आणि नेमकं तेव्हाच लोक खुर्चीखाली चपला शोधू लागतात. कधीतरी ते कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावून बघा. पुढची भाषणं आपोआप छोटी होतात.

११. नव्या ओळीला नाक मुरडू नये

परवा गाडीत समोर काशीमिऱ्याची एक कॉलेजची मुलगी कानात इयरफोन घालून ओठ हलवत होती. पाठांतर चाललंय म्हणून कौतुकाने विचारलं, तर म्हणाली, ‘रॅप आहे, काकू. मराठी.’ आणि एक इयरफोन माझ्या हातात दिला. पहिल्या दोन कडव्यांत आरडाओरडा होता, बढाई होती, गाड्यांची नावं होती. तिसऱ्यात कवी आईबद्दल बोलू लागला: भाजीची हातगाडी, पालिकेची गाडी आली की पळापळ, आणि रात्री सुटे पैसे मोजताना लागणारी डुलकी. यमक नेटकं, ठेका पक्का, शब्द रस्त्यावरचे. सुर्व्यांच्या कवितेतही रस्त्यावरची भाषा आली तेव्हा भुवया उंचावल्या होत्याच, आणि ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तेव्हाही त्या काळचे शहाणे काही खूश नव्हते. यातलं किती टिकेल ते काळ बघून घेईल. मी माझ्यापुरती त्याला पहिली कसोटी लावली. मुलीला विचारलं, ‘हे तुझ्या कधी कामाला येतं?’ ती म्हणाली, ‘इंटरव्ह्यूच्या आधी. भीती वाटली की हे लावते.’

मग दुसरी कसोटी. लिहिणाऱ्याचं नाव विचारलं आणि पूर्ण नाव, स्पेलिंगसकट, तिच्याकडूनच लिहून घेतलं. उद्या कुणीतरी याच्याखाली नाना पाटेकर लिहून पाठवायच्या आत.